चर्चिल नेमका किती 'हुजूर'?

पारावरचा (धागाकर्ता)

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात तो मेसेज पुन्हा येऊन गेला. "सत्ता लुच्च्या-लफंग्यांच्या हाती जाईल, पाण्याच्या बाटलीवरही कर बसेल" वगैरे. खाली सिगार तोंडात धरलेला चर्चिल. दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी लगेच हात जोडले, "केवढा द्रष्टा माणूस!" हे वाक्य चर्चिलच्या कुठल्याच भाषणात सापडत नाही, असं मी लिहिलं. त्यावर 'पुरावा द्या' असं उत्तर आलं. नसलेल्या गोष्टीचा पुरावा कुठून आणायचा ते अजून कळलेलं नाही.

आता जे आहे ते सांगतो. ६ मार्च १९४७ ला तो ब्रिटिश पार्लमेंटच्या कॉमन्स सभागृहात भारतावर बोलला. त्यात आपल्या पुढाऱ्यांना तो पेंढा भरलेली माणसं म्हणतो आणि काही वर्षांत यांचा मागमूसही राहणार नाही, असं बजावतो. म्हणजे तुच्छता अस्सल होती, भाकीत मात्र साफ आपटलं. व्हॉट्सॲपवाल्यांनी तुच्छता तशीच ठेवली आणि भाकीत तेवढं दुरुस्त करून दिलं!

असो, धागा त्यासाठी नाही. त्या वादात लक्षात आलं की चर्चिलच्या राजकीय विचारांबद्दल आपल्याला फारसं काही माहीत नसतं. मराठी पेपरांनी लहानपणापासून हुजूर पक्ष आणि मजूर पक्ष अशी जोडी पाठ करून घेतली. चर्चिल हुजूर, विषय संपला. पण हा गडी १९०० साली पंचविसाव्या वर्षी हुजूर पक्षातर्फे ओल्डहॅममधून निवडून आला आणि ३१ मे १९०४ ला सरळ उठून समोरच्या बाकावर, उदारमतवाद्यांत जाऊन बसला. कारण काय, तर जोसेफ चेंबरलेनला परदेशी मालावर जकात हवी होती आणि याला खुला व्यापार. पुढची वीसेक वर्षं तो तिकडेच होता. १९२४ मध्ये परत फिरला आणि हुजूर पंतप्रधान बाल्डविनने त्याला थेट अर्थमंत्री केलं. 'विशीत डावा नसेल त्याला हृदय नाही, चाळिशीत उजवा नसेल त्याला डोकं नाही' हेही वाक्य याच्याच नावावर खपतं. तेही त्याचं नाही, आणि त्याच्या बाबतीत तर विशीचा हिशोब उलटाच आहे.

मग याला विचार होता की नुसती हवा बघून शीड फिरवणं? त्याचं स्वतःचं उत्तर राजकारणातल्या सुसंगतीवरच्या निबंधात आहे. १९३२ च्या संग्रहात तो आहे. तिथे तो अठराव्या शतकातला खासदार आणि विचारवंत एडमंड बर्क याला साक्षीला बोलावतो. बर्क अमेरिकन वसाहतींच्या बाजूने राजाशी भांडला आणि तोच बर्क फ्रेंच राज्यक्रांतीवर तुटून पडला. लोक म्हणाले, पलटला. चर्चिल म्हणतो, माणूस तोच होता, हल्ला फक्त वेगवेगळ्या बाजूंनी येत होता. नाव डावीकडे कलली की नावाडी उजवीकडे वजन टाकतो, उजवीकडे कलली की डावीकडे.

सोयीस्कर बचाव आहे, मान्य. पण मला वाटतं त्याच्याकडे न हललेल्या दोन गोष्टी होत्या. एक पार्लमेंट. दुसरी म्हणजे ११ ऑक्टोबर १९०६ ला ग्लासगोत बोललेली रेषा. माझ्या मराठीत: आम्हाला एक रेषा आखायची आहे. तिच्या खाली कुणाला जगू वा राबू देणार नाही. तिच्या वर ज्याने त्याने आपापल्या ताकदीवर झुंजावं. वर चढण्याची स्पर्धा खुली असू दे, खाली घसरण्याची नको.

हे नुसतं टाळ्यांचं वाक्य नव्हतं. व्यापारमंत्री असताना १९०९ मध्ये त्याने शिवणकाम, कागदी खोकी, लेस आणि साखळ्या बनवणाऱ्या कामगारांसाठी किमान मजुरी ठरवणारी मंडळं आणली. त्यात बायकाच जास्त. त्याच वर्षी रोजगार विनिमय केंद्रांचा कायदा झाला, १९११ मध्ये बेकारी विमा आला. पंतप्रधान ॲस्क्विथला लिहिलेल्या पत्रात तो म्हणतो, आपल्या उद्योगव्यवस्थेच्या तळाशी बिस्मार्कशाहीचा (म्हणजे जर्मनीतल्यासारख्या सरकारी विम्याचा) एक जाड थर सारून द्या. विम्याला तो 'सरासरीची जादू' म्हणायचा. आणि १९२५ मध्ये, हुजूर पक्षाचा अर्थमंत्री म्हणून, विधवा आणि वृद्धांच्या पेन्शनला पैसा यानेच दिला. पक्ष बदलला, रेषा तीच राहिली.

याला पुराणमतवाद म्हणायचं का? माझ्या मते हो. घर टिकवायचं तर पाया ओला होऊ द्यायचा नाही, हा जुन्या वाड्याच्या मालकाचा विचार आहे, क्रांतिकारकाचा नाही. मतं येऊ द्या.

तिरकस

पहिला! आता वाचतो.

खवट_आजोबा

लेख नेटका आहे, पण हाताशी लागतील तेवढेच मणी ओवलेत तुम्ही. मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात याच माणसाने सरकारी पत्रक चालवलं आणि संपकऱ्यांना शत्रू ठरवलं. १९२७ मध्ये रोमला जाऊन मुसोलिनीला म्हणाला की मी इटालियन असतो तर लेनिनवादाविरुद्धच्या लढ्यात मनापासून तुमच्यासोबत असतो. हा तुमचा पार्लमेंटचा वारकरी! ४ जून १९४५ चं रेडिओ भाषण तर कळसच: मजूर पक्षाचं सरकार आलं तर त्याला गेस्टापोसारखं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं, काहीतरी लागेलच म्हणे. आणि हे कुणाबद्दल? पाच वर्षं मजूर पक्षाच्या ज्या ॲटलीच्या मांडीला मांडी लावून युद्ध लढला, त्याच्याबद्दल. लोकांनी महिन्यातच उत्तर दिलं, मजूर पक्ष ३९३ जागा.

पारावरचा (धागाकर्ता)

आजोबा, मुसोलिनीचं खरं आहे, त्यावर पांघरूण घालायचं कारणच नाही. त्याचा साम्यवादाचा तिटकारा इतका होता की समोर कोण उभा आहे हे बघायचं भान सुटायचं. गेस्टापोचं भाषण त्याच्या पत्नीला, क्लेमेंटाइनलाही आवडलं नव्हतं म्हणतात.

पण निकालानंतर काय झालं तेही बघा. २६ जुलैला निकाल लागला आणि त्याच संध्याकाळी हा राजाकडे राजीनामा देऊन आला. जर्मनी नमवून तीन महिने झाले नव्हते, जपानशी युद्ध चालूच होतं. दोन वर्षांनी, ११ नोव्हेंबर १९४७ ला, विरोधी बाकावरून तो ते प्रसिद्ध वाक्य बोलला: लोकशाही ही सगळ्यात वाईट राज्यपद्धती आहे, आजवर आजमावलेल्या बाकी सगळ्या पद्धती वगळल्या तर. तेही 'असं म्हटलं गेलं आहे' अशी सुरुवात करून, म्हणजे श्रेय स्वतःकडे न घेता.

टेम्सकाठचा

पार्लमेंटचा मुद्दा निघालाच आहे तर डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो. मी इथे बरीच वर्षं आहे आणि पाहुणे आले की त्यांना कॉमन्सच्या प्रेक्षक गॅलरीत नेणं हे माझं ठरलेलं काम. प्रत्येक जण पहिल्यांदा एकच म्हणतो, "एवढंसंच?" सभासद ६५० आणि बसायला जागा ४२७ च्या आसपास. अर्थसंकल्पाच्या दिवशी खासदार पायऱ्यांवर, दाराशी, लोकलच्या डब्यासारखे उभे असतात.

ही काटकसर नाही, हा चर्चिलचा हट्ट आहे. १० मे १९४१ च्या रात्री जर्मन बॉम्बने ते सभागृह जळालं. नवं कसं बांधायचं यावर २८ ऑक्टोबर १९४३ ला चर्चा झाली. त्यात त्याने दोन अटी घातल्या. सभागृह लांबट चौकोनी हवं, अर्धवर्तुळ नको. आणि सगळ्यांना पुरेल एवढं मोठं तर मुळीच नको! मोठं बांधलं तर नव्वद टक्के चर्चा ओसाड दालनात होतील. लहान असेल तर गप्पांच्या सुरात बोलता येतं, आणि मोठा प्रसंग आला की गर्दी होऊन प्रसंग मोठा वाटतो.

अर्धवर्तुळ का नको? त्यात माणूस हवेप्रमाणे गुलाबीच्या छटा बदलत हळूहळू सरकत डावीकडून उजवीकडे जातो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. समोरासमोर बाकं असली की पक्ष बदलायला मधली मोकळी जागा सगळ्यांच्या देखत ओलांडावी लागते. पुढे म्हणतो, मला याची चांगली माहिती आहे, हा अवघड प्रकार मी एकदा नाही, दोनदा केला आहे.

पारावरचा, तुमच्या नावाड्यापेक्षा मला हे जास्त पटतं. विचार बदला, पण चालत जा आणि लोकांना बघू द्या. जाता जाता: सभागृहाबाहेरच्या लॉबीत जळक्या दगडांची कमान त्याच्याच सांगण्यावरून तशीच ठेवली आहे. शेजारी त्याचा पितळी रंगाचा पुतळा, आणि खासदारांनी शुभशकुन म्हणून हात लावून लावून त्याचं एक पाऊल चकाकतंय. आपल्याकडे मारुतीच्या पायाचं होतं तसंच.

तिरकस

आपली लोकसभा अर्धवर्तुळाकार का आहे ते आत्ता कळलं.

मीठभाकर

+१ टेम्सकाठचा. फार छान माहिती.

मी बँकेतून निवृत्त झालोय, त्यामुळे माझी नजर १९२५ वर. एप्रिलमध्ये त्याने पौंड पुन्हा सोन्याला बांधला, तोही युद्धापूर्वीच्याच दराने, ४.८६ डॉलरला. पौंड महागला, ब्रिटिश कोळसा परदेशात विकला जाईना, खाणमालकांनी मजुरी कापायला घेतली आणि त्यातून १९२६ चा संप. अर्थतज्ज्ञ केन्सने त्याच्यावर अख्खी पुस्तिका लिहिली. रेषेखाली कुणाला जाऊ देणार नाही म्हणणाऱ्याने खाणकामगारांना रेषेखाली ढकललं.

गंमत म्हणजे त्याला आधीच चुटपुट लागली होती. त्या फेब्रुवारीत खात्यातल्या अधिकाऱ्याला त्याने टिपण पाठवलं की वित्ताचा तोरा थोडा कमी झाला तरी चालेल, पण उद्योगधंदे समाधानी दिसू देत. वाक्य वाचून वाटतं, अरे वा! पण बँक ऑफ इंग्लंड, अर्थखातं, सगळे जाणकार एका बाजूला आणि हा एकटा. शेवटी मान तुकवली. पुराणमतवादी माणसाचा हा खास धोका आहे. संस्थांवर विश्वास, आणि संस्था एकमुखाने चुकीचं सांगत असेल तर? मी स्वतः कर्ज समितीत 'सगळेच म्हणतायत' म्हणून सही केलेली आहे. परिणाम सांगत नाही.

१९५१ ते ५५ च्या दुसऱ्या कारकिर्दीबद्दल थोडक्यात: ॲटलीने केलेलं त्याने जवळपास सगळं ठेवलं. मोफत आरोग्यसेवा ठेवली, कोळसा आणि रेल्वे सरकारकडेच राहिली. पोलाद आणि मालवाहतुकीचे ट्रक तेवढे परत खासगीकडे. वर्षाला तीन लाख घरं बांधली. ज्यांना गेस्टापो म्हणाला होता त्यांचंच घर सांभाळत बसला.

गणेशखिंडकर

पुण्याचा संबंध कुणीच काढत नाही म्हणजे काय!

ऑक्टोबर १८९६ मध्ये हा एकवीस वर्षांचा लेफ्टनंट मुंबईत उतरला. धीर नव्हता म्हणून बोट थांबायच्या आत ससून डॉकच्या पायऱ्यांपाशी भिंतीतली लोखंडी कडी पकडली, लाट आली, बोट खाली गेली आणि उजवा खांदा निखळला. तो खांदा जन्मभर सतावत राहिला. पोलो खेळताना हात बांधून घ्यावा लागे, आणि १८९८ च्या ओमदुर्मानच्या लढाईत तलवारीऐवजी पिस्तूल चालवावं लागलं. आज तिथे पहाटे मासळीचा लिलाव असतो, पायाखाली बर्फाचं पाणी आणि सुरमईच्या पाट्या. कुणाला चर्चिल आठवत नाही ते बरंच आहे.

मग तो पुण्यात तंबूत राहिला आणि गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टकडे गणेशखिंडीच्या बंगल्यावर जेवायला गेला. नंतर स्वतःच विनोदाने लिहिलंय की गव्हर्नरने आपल्याला राज्यकारभारावर मत विचारलं आणि आपण ते भरभरून दिलं. तोच बंगला म्हणजे आताच्या पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत. आठ-नऊ महिन्यांनी, २२ जून १८९७ च्या रात्री, याच बंगल्यातल्या समारंभातून परतताना गणेशखिंड रस्त्यावर चाफेकरांनी रँडवर गोळी झाडली. ज्या जेवणाच्या टेबलावर हा पोरगा साम्राज्यावर बोलत होता, त्याच्या बाहेर प्लेग, ती घरझडती आणि तो संताप उभा राहत होता. त्याच्या विचारात या बाहेरच्या रस्त्याला कधीच जागा मिळाली नाही.

पुण्याहून बंगळूरला गेला आणि तिथे वाचायला बसला. दुपारच्या उन्हात बाकीचे झोपायचे, हा चार-चार तास गिबन आणि मेकॉले या इतिहासकारांना वाचायचा. आईकडून पार्लमेंटच्या कामकाजाचे वार्षिक खंड मागवले. त्यातला वाद वाचण्याआधी त्या विषयावर स्वतःचं मत कागदावर लिहायचा आणि मगच पान उलटायचा. पोरांना अभ्यास असा करायला सांगा!

आणि पारावरचा, तुमच्यासाठी खास: एप्रिल १८९७ मध्ये बंगळूरहून आईला लिहिलेलं पत्र. मी नाव सोडलं तर पूर्ण उदारमतवादी आहे, माझी मतं ऐकून मेसमधले लोक हादरतात. मग त्या पक्षात का जात नाही? तर आयर्लंडला स्वराज्य द्यायला मी कधीच तयार होणार नाही म्हणून.

पारावरचा (धागाकर्ता)

हे पत्र मला माहीत नव्हतं. हात जोडले. म्हणजे बाविसाव्या वर्षीच सगळी उदारता साम्राज्याच्या दाराशी येऊन थांबते. पुढे आयर्लंडच्या बाबतीत तो बराच वाकला, १९२१ च्या करारावर त्याची सही आहे. भारताच्या बाबतीत नाही. १९३१ मध्ये बाल्डविनशी याच प्रश्नावर फाटलं, आणि त्याच फेब्रुवारीत व्हाइसरॉयच्या महालाच्या पायऱ्या चढणाऱ्या 'अर्धनग्न फकिरा'बद्दलचे ते उद्गार.

बंगाली_सून

लिहू की नको असा विचार करत होते.

माझं माहेर सातारा, सासर कोलकाता. माझ्या आजेसासूबाई ४३ साली नऊ वर्षांच्या होत्या. आमच्याकडे भात कुकरला लावला की त्यांना चालायचा नाही. वेळून काढायचा, आणि ती पेज कधी मोरीत ओतायची नाही. मी नवी असताना एकदा ओतली. त्या काही बोलल्या नाहीत, स्वयंपाकघरातून उठून गेल्या. नंतर नवऱ्याने सांगितलं. त्या वर्षी खेड्यापाड्यांतून लोक चालत शहरात यायचे आणि दारोदार ओरडायचे, 'फॅन दाओ मा', माय, पेज दे. भात मागायची हिंमत संपलेली होती. आजेसासूबाईंच्या आईने पेजेसाठी वेगळं पातेलं ठेवलं होतं. एक दिवस ते घेऊन दार उघडलं तर मागणारी उंबऱ्यापाशीच गेलेली होती.

तुमची रेषा वाचली. चांगली आहे.

दोन्ही_बाजू

ताई, वाचून गलबललं. तरी इतिहास म्हणून नोंदवतो: दुष्काळ चर्चिलने 'घडवला' हे सरळ विधान टिकत नाही. १९४२ मध्ये जपानने ब्रह्मदेश घेतला, तिथला तांदूळ बंद झाला. ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळ आलं. जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून किनाऱ्यावरच्या हजारो नावा आधीच काढून घेतल्या होत्या. इतर प्रांतांनी धान्य अडवलं, साठेबाजांनी दाबून ठेवलं. जहाजांचा तुटवडा खरा होता. एप्रिल १९४४ मध्ये चर्चिलने रूझवेल्टकडे जहाजं मागितली होती, त्याने नाही म्हटलं.

खवट_आजोबा

एप्रिल १९४४! माणसं ४३ च्या पावसाळ्यापासून मरत होती. आणि त्याची नियत आमच्या तोंडून नको, त्याच्याच भारतमंत्र्याच्या रोजनिशीतून ऐका. लिओ अमेरी, जन्म गोरखपूरचा, शाळेपासून चर्चिलला ओळखणारा, स्वतः कडवा साम्राज्यवादी. ४ ऑगस्ट १९४४ ला लिहितो की तुमच्या दृष्टीत आणि हिटलरच्या दृष्टीत मला फारसा फरक दिसत नाही, असं मी त्याला तोंडावर सांगितलं आणि तो भयंकर चिडला. धान्यासाठी व्हाइसरॉय वेव्हेल तारांवर तारा करत होता. त्याच्या आधी, फेब्रुवारी ४३ मध्ये, पुण्यात आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींचा २१ दिवसांचा उपास चालू होता. तेव्हा याला चिंता कसली, तर ते पाण्यात ग्लुकोज घेतात का ते तपासा! व्हाइसरॉय लिनलिथगोने कळवलं, तसं काही नाही.

टेम्सकाठचा

दोन्ही_बाजू, कारणांची यादी बरोबर आहे. पण जहाजं कमी असतात तेव्हाच तर कळतं की कुणाची गरज आधी आणि कुणाची नंतर. प्राधान्य ठरवणं म्हणजेच राजकीय विचार. २१ मार्च १९४३ ला हाच माणूस रेडिओवर पाळण्यापासून थडग्यापर्यंत सगळ्या वर्गांना विमा द्यायचं बोलतो, तान्ह्या बाळांच्या पोटात दूध घालण्यासारखी उत्तम गुंतवणूक नाही म्हणतो. मार्च १९४३. तारीख बघा.

पारावरचा (धागाकर्ता)

ताई, काल रात्री तुमचं वाचलं आणि काय लिहावं सुचेना.

मी वर 'रेषा तीच राहिली' असं ऐटीत लिहून गेलो. मीठभाकरांनी खाणकामगार दाखवले, तुम्ही उंबरा दाखवलात. दुरुस्ती करतो: रेषा ब्रिटनपुरती होती, आणि तिथेही जाणकारांच्या टेबलावर कधीकधी पुसली जायची. सप्टेंबर १९४१ मध्ये त्याने पार्लमेंटमध्ये स्पष्टच सांगितलं होतं की रूझवेल्टसोबत काढलेल्या अटलांटिक सनदेतला स्वयंनिर्णय युरोपातल्या नाझींच्या टाचेखालच्या देशांसाठी आहे, भारतासाठी नाही. लपवाछपवी नाहीच.

बर्कवर मात्र एक जोडतो, कारण चर्चिलला तो आपला साक्षीदार वाटत होता. बर्कने आयुष्यातली कितीतरी वर्षं बंगालचा माजी गव्हर्नर-जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्यावरच्या महाभियोगात घातली. १७८८ मध्ये उभं राहून भारतातल्या लोकांच्या वतीने आरोप ठेवले. परंपरा, संस्था, जुन्या समाजाचा मान, हे सगळं त्याला बनारसमध्ये आणि अवधमध्येही दिसत होतं. हेस्टिंग्ज सुटला, तो भाग वेगळा. पण पुराणमतवादी असून भारत दिसू शकत होता, शंभर-दीडशे वर्षं आधी.

गणेशखिंडकर

हे आवडलं. हेस्टिंग्ज खटल्यावर वेगळा धागा काढा.

बंगाली_सून

काढा, वाचेन. आजेसासूबाई गेल्या दोन वर्षांपूर्वी. पातेलं माझ्याकडे आहे.

तिरकस

एवढं सगळं वाचून आमच्या फॅमिली ग्रुपवर लिहिलं की ते लुच्चे-लफंगेवालं वाक्य चर्चिलचं नाही. मामांचं उत्तर: "कुणाचं का असेना, बरोबर आहे ना?"

पारावरचा (धागाकर्ता)

आमच्या काकांचंही हेच.